अकरा सेकंद

इकेजाच्या गल्लीत, जिथे एकाच छत्रीखाली
फोनचे पडदे आणि उकडलेली अंडी विकतात,
चिडुबेमने काचेवर
च्युइंगमच्या पट्टीएवढा एक ड्राइव्ह ठेवला.
"सेकंदाला सात हजार," म्हणाला.
सात हजार काय, ते सांगितलं नाही.
नायराच असावेत, म्हणून मी पर्स घट्ट धरली.

माझ्याकडे चार कॅमेऱ्यांत म्हातारे एहिगी आहेत.
म्हणजे त्यांचं दफन, तीन दिवसांचं:
एकाच निळ्या कापडाचे तीनशे पोशाख,
शवपेटी खांद्यावर घेऊन नाचणारी सहा पोरं,
थोरल्या सुनेच्या कपाळावर घामाने चिकटलेल्या नोटा.
मंगळवारी धाकटी लेक ह्यूस्टनला परत जाणार
आणि बाप तिला सामानात हवा आहे, कापून, जोडून, संगीतासकट.
माझी जुनी डिस्क एक कट दाखवायला
इतकी कुरकुरते
की तेवढ्यात माझं मक्याचं कणीस खाऊन होतं,
वर नारळाचे तुकडेही.

"तिच्या बोर्डाला तिसरी पिढीच कळते."
हे फताई. दुकानाचे कोणी नाहीत,
कोपऱ्यात डाग देत बसतात, भाडं म्हणून सल्ला देतात.
"सात हजार नेलेस तरी दार साडेतीनचंच.
हत्ती दारातच अडेल, पोरी, शेपटाचं नंतर बघू."

मग त्यांनी तो लावूनच दाखवला.
आकडा उधळला. मलाही हुरूप आला.
चाळीस जीबीपर्यंत घोडा,
मग चारशे, दोनशे, नव्वद.
नव्याचे नऊ दिवस म्हणतात,
इथे पंधरा सेकंदांत नववा दिवस मावळला.
चिडुबेम पंख्याकडे बघत होता.

"वीज कधी जाते?" फताईंनी विचारलं.
लागोसमध्ये हा काय प्रश्न!
येते कधी, ते विचारा.
"गेल्यावर जनरेटर लागेपर्यंत किती?"
रखवालदार जागा असेल तर अकरा सेकंद.
(नसेल तर पहाट.)

त्यांनी खणातून एक जाड, ओरखडलेला डबा काढला.
कुठल्याशा बँकेच्या सर्व्हरमध्ये तीन वर्षं रात्रपाळी केलेला,
अजून चौऱ्याण्णव टक्के आयुष्य बाकी;
एवढं माझं तरी असेल का, माहीत नाही.
झाकण उघडून दाखवलं:
कडेला ओळीने बसलेले पिवळे दाणे,
मक्यासारखेच.
"दिवे गेले की बाकीचे तोंडातला घास टाकून मरतात.
हा आधी गिळतो, मग झोपतो."
वेग? पाचशे.
चौदा पट हळू.
"पण पहिल्या मिनिटाला पाचशे
आणि तुझा म्हातारा पुरून होईपर्यंत पाचशे."

मी हिशोब केला, खरं सांगायचं तर केला नाही.
मला ती हिरवी पट्टी आवडली होती,
हातात धरली की आपणच वेगवान झाल्यासारखं वाटायचं.
डबा घेतला. चिडुबेमने घासाघीस करू दिली नाही,
रागावला होता.

रविवारी रात्री दोनला वीज गेली.
पडद्यावर सहा पोरं, पेटी हवेत,
एकाचा पाय उचललेला.
अंधारात मी मोजत राहिले. नऊ. दहा.
अकराला खाली जनरेटर खोकला.

सगळं होतं. चारही कॅमेरे, तीनशे पोशाख,
सुनेचं कपाळ, संध्याकाळी सातपर्यंतचा प्रत्येक कट.
त्याच्यापर्यंत जे पोचलं, ते त्याने जपलं.
सातनंतरचं मात्र गेलं:
पेटी खाली येते तो क्षण,
ज्यावर मी चार तास घालवले होते.
त्यात त्याचा काय दोष?
मी त्याच्याकडे दिलंच नव्हतं.

पुन्हा बसले.
पेटी अजून हवेत होती.